धवला कोण म्हणणार

कुणालीची हळद उन्हं कलली की लागायची होती, आणि दुपारची जेवणं उरकत आली तरी घरात धवलारीण नव्हती.

किन्हवलीकडच्या लग्नांत बरंच काही नसलं तरी चालतं. भटजी उशिरा आला तर लोक त्याच्या नावानं दोन शिव्या देऊन थंड पितात. डीजेवाला आलाच नाही तर म्हातारी माणसं मनातल्या मनात देवाचे आभार मानतात. नवरदेवानं उशिरा येणं हा तर त्याचा हक्कच समजला जातो. पण धवलारीण आल्याशिवाय हळदीला बोट लागत नाही. ती मांडवात बसून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणार. आधी देवांना बोलावणार, मग पितरांना, मग नात्यातल्या एकेकाला नावानं हाक घालणार. तिनं हाक घातली की त्यानं पुढं यायचं. ज्याला हाक नाही, त्यानं जागचं हलायचं नाही. भिवंडीकडून ठरवलेली धवलारीण आज सकाळी न्हाणीत घसरून पडली. पडली तर पडली, पण तिच्या माणसांनी फोन केला तो दुपारी, आणि तोही मांडवात मटण आहे की पनीर हे आधी विचारून घेऊन.

मग व्हायचं तेच झालं. मांडवातल्या सगळ्या माना एका दाराकडे वळल्या.

एका छपराखाली दोन दारं होती. उजवीकडचं धाकट्या भावाचं, काशिनाथचं. तो वारला, आणि त्याची बायको सुंदरा हिनं ओमकार आणि कुणाली ही दोन पोरं त्या दारात वाढवली. मांडव आज तिथंच होता. डावीकडचं दार थोरल्या राघोचं, आणि माना वळल्या त्या ह्या दाराकडे, कारण आत राघोची बायको सरस्वती लसूण सोलत बसली होती. सरस्वती म्हणजे शहापूर आणि मुरबाड ह्या दोन तालुक्यांत नाव घेतलं जायचं अशी धवलारीण. तिच्या धवल्याशिवाय लावलेली हळद अंगाला चिकटत नाही, असं लोक म्हणायचे. चार-पाच वर्षांपूर्वी ती रविवारची शेणव्याला प्रार्थनेला जायला लागली, येशूच्या मागं निघाली, आणि तिनं धवले बंद केले. गावानं कारणं शोधली. कोणी म्हणालं दुखणं बरं झालं असेल, कोणी म्हणालं काहीतरी मिळालं असेल. मिळालं काहीच नव्हतं. भाताच्या लावणीला येणाऱ्या भिमीबरोबर ती एकदा सहज गेली, ताडपत्रीवर बसली, आणि तिथं जे ऐकलं ते तिला खरं वाटलं. इतक्या साध्या कारणावर विश्वास ठेवणं गावाला शक्यच नव्हतं.

"काकू," ओमकार उंबऱ्यातच उभा राहिला. आसनगावहून रोज कल्याणला कामाला जाणारा माणूस. त्याला कुठंही टेकवत नसे. "तुला कळलंच असंल."

"कळलंय. बस. ताक घे."

"ताकाला टाइम नाय गो. ताराबाई मुरबाडहून निघाल्या पण. उष्टी हळद घेऊन."

ताराबाई म्हणजे नवरदेव दिपेशची चुलती. दिपेशला लावून उरलेली हळद घेऊन ती येणार, तीच कुणालीला लागणार. आल्या पावली ती बाई आधी मांडवाचे खांब मोजते, अशी तिची ख्याती होती.

"तुला आईनं पाठवलं?" सरस्वतीनं विचारलं.

ओमकारनं छपराकडं पाहिलं. "आई काय बोलली नाय."

ती बोलणार नव्हतीच. ह्या दोन जावांमध्ये हितेशच्या लग्नापासून शब्द नव्हता. हितेश हा सरस्वतीचा मुलगा, त्याचं लग्न होऊन आता बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून सुंदराला काही सांगायचं असलं तर ती अंगणातल्या कोंबड्यांना सांगे. 'मेल्यांनो, दुसऱ्याच्या दारात उकरायला जाता, लाज नाय वाटत?' असं तिनं म्हटलं की सरस्वतीनं समजायचं, आपला केर तिकडं गेलाय. येशू घरात आल्यावर सुंदरानं अंगणाच्या मधोमध तारेचं कुंपण घातलं. कोंबड्यांना त्याचा अर्थ कळला नाही. त्या खालून ये-जा करत राहिल्या.

राघो ओमकारच्या मागोमाग आत आला. एसटीत कंडक्टरकी करून निवृत्त झालेला माणूस. सुट्ट्या पैशांच्या भांडणापासून खिडकीजवळच्या सीटपर्यंत सगळं तडजोडीनं मिटतं, अशी त्याची आयुष्यभराची श्रद्धा. येशूला त्याचा विरोध नव्हता. गणपतीलाही नव्हता.

"हे बघ, तू देव गाळ," तो बायकोसमोर उकिडवा बसला. "गणपती गाळ. गावदेवी गाळ. कुलदैवत तर लोकांना आठवत पण नाय. बाकीचं म्हण."

"मग उरलं काय?"

"मांडवाचा खांब उरला. पाणी उरलं. पोरीचा मामा उरला. मामा काय देव नाय ना?"

"आणि इचारलं कोणी, देव कुटं गेले?"

"सांगू, आसनगावच्या पुलावर ट्रॅफिकमधी अडकलेत."

ओमकार हसला. सरस्वती हसली नाही. तिनं लसणाची परडी बाजूला सारली.

"निम्मं म्हणायचं आणि निम्मं गिळायचं, हे मला नाय जमायचं. त्या देवांची पण थट्टा, माझ्या देवाची पण. म्हणायचं तर सगळं म्हणंन, नायतर काय नाय. आणि सगळं मी म्हणणार नाय. एवढंच हाय."

"पोरीचं लगीन हाय, गो."

"म्हणून तर खोटं नाय करायचं."

पलीकडं तिची सून मिताली पाट्यावर हळद वाटत होती. मिक्सर होता, पण लग्नाची हळद मिक्सरला लावायची नाही असं घरात ठरलेलं, आणि ठरवणाऱ्या कोणालाच ती वाटायची नव्हती. मितालीनं वरवंटा थांबवला आणि पाट्याला उद्देशून म्हणाली, "आईंनी तंबाखू सोडली, उपास सोडले, धवले सोडले. येशूनं मागितलं ते सगळं दिलं. काकूंशी धरलेला अबोला तेवढा मागायला तो इसरला वाटतं."

राघोला एकाएकी खोकला आला.

"अबोला तिनं धरलाय," सरस्वती म्हणाली. "मी नाय."

"तुमी विचारलंत कधी, का धरला?"

"लय वेळा."

"काय म्हणाल्या?"

सरस्वतीनं परडी पुन्हा पुढं ओढली. तिनं विचारलं होतं ते मनात. शिवाय ती दर रविवारी सुंदराचं नाव प्रार्थनेत घेई. सुंदराला सद्बुद्धी दे, म्हणे, आणि देवाचा घोटाळा होऊ नये म्हणून उजवीकडचं दार असंही सांगे. कारण काय असावं ह्याचा तिनं खूप विचार केला होता. सासूचे चांदीचे तोडे आपल्याकडं आले ते असेल. बांधावरच्या आंब्याचं असेल. माणसाचं मन एवढ्यातेवढ्यावरून फिरतं, असं ती मितालीला समजावायची, आणि समजावताना स्वतःबद्दल तिला बरं वाटायचं.

ती उठली आणि फोन घेऊन गोठ्यामागं गेली.

शेणव्याची संगती, म्हणजे रविवारची प्रार्थनेची मंडळी, भावेश चालवायचा. भिवंडीकडं एका गोदामात माल उतरवून घ्यायचं त्याचं काम; रविवारी तो पांढरा शर्ट घालून शिकवायचा आणि दर बुधवारी आपल्या आवाजात एक धडा सगळ्यांच्या फोनवर पाठवायचा. सध्याचे धडे होते ते येशूच्या मागं पूर्ण मनानं चालण्याचे. ताडपत्रीवर बसून नव्हे, तर मोरीत, बाजारात, शेताच्या बांधावर. सरस्वतीनं भांडी घासता घासता ते धडे दोन-दोनदा ऐकले होते आणि आपण बरेचसे आधीच पार पाडलेत असं तिच्या लक्षात आलं होतं.

"मावशी, नाही म्हणालात ते बरोबर केलंत," भावेश म्हणाला. मागं ट्रकचा आवाज होता. "पण खरं सांगू, ते सोपं आहे."

"सोपं? अख्खा मांडव माझ्या दाराकडं बघतोय!"

"तसं सोपं नाही हो. म्हणजे, त्यात काय सोडायचं ते दिसतं. धवला दिसतो, तंबाखू दिसते. ते माणूस सोडतो आणि मोकळा होतो. जे दिसत नाही ते मागं राहतं. काही राहिलंय का, बघा."

"काय नाय राहिलं," सरस्वती म्हणाली. ती हे विचाराला न थांबता म्हणाली.

"बरं मावशी, गाडी लागलीय," तो म्हणाला. "प्रार्थना करतो."

ती परत आली तेव्हा घरातला रंग पालटला होता. राघो हसत होता. ओमकारच्या हातात फोन होता आणि तो मांडवातल्या स्पीकरला जोडायची वायर शोधत होता.

"मिटलं काकू! हितेशदादाच्या हळदीचा व्हिडिओ सापडला. पूर्णच्या पूर्ण. धवले तूच म्हणतेस."

सरस्वतीनं फोन कमरेला खोचला. "माझा आवाज हाय तो."

"हाय ना. पण तेव्हाचा." ओमकारनं वायर झटकली. "तेव्हाचा आवाज, तेव्हाचे देव. आताच्या तुला कशाला दोष लागंल?"

"डोकं बघ पोराचं," राघो म्हणाला. "तू आपली थोरली सवाशीण म्हणून पाटावर बस, पहिली हळद लाव, तोंड मिटून. देव तिकडून येतील, तू इकडून ये."

आपण सोडून दिलेला आवाज दुसऱ्याच्या फोनात राहिला असेल तर त्याचं काय करायचं, ह्यावर भावेशच्या धड्यात काहीच नव्हतं. आणि हळदीशी तिचं भांडण नव्हतं. कुणाली तिला आवडायची. शहापूरला दवाखान्यात नर्स असलेली ही पोर रात्रपाळी करून आली तरी कुंपणाच्या तारेतून हात घालून काकूचा बीपी तपासून जायची. सुंदरानं तिला त्याबद्दल कधी अडवलं नव्हतं, हेही खरं.

"बसते," ती म्हणाली.

ताराबाई आल्या त्या टेम्पोतून उतरतानाच मांडवाचे खांब मोजत. बरोबर दहा-बारा बायका आणि झाकलेली हळदीची वाटी. दिपेशची आई आली नव्हती. तिचाही नवरा नव्हता, त्यामुळे ती का आली नाही असं कोणी विचारलं नाही.

"धवलारीण कुठाय?" ताराबाईंनी बसण्याआधी विचारलं.

राघोनं एक हात बायकोकडं केला आणि दुसरा स्पीकरकडं. "तोंड इकडं. आवाज तिकडं."

ताराबाईंनी दोन्हीकडं नीट पाहून घेतलं. "आमच्याकडं पण आता ड्रोन असतो," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या.

कुणाली पिवळं लुगडं नेसून पाटावर बसली. शेजारी सरस्वती, पुढ्यात वाटी. मितालीनं वाटलेली हळद आणि मुरबाडची उष्टी हळद सरस्वतीनं एकत्र कालवली. सवाष्णींचा गराडा पडला. सुंदरा त्यात नव्हती. ती मांडवाच्या मागं, चुलाण्याजवळ, कोथिंबिरीच्या जुड्या निवडत बसली होती. तिला तिथं जा असं कोणी सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

ओमकारनं बटण दाबलं.

आवाज आला. काय आवाज होता तो! भरलेल्या विहिरीतून पोहरा वर यावा तसा एकेक शब्द वर येत होता. खुर्च्यांवरची म्हातारी माणसं सरळ बसली. गणपती आला, गावदेवी आली, मग पितर आले. सरस्वती मान खाली घालून बसली होती. तिच्या ओठांत तिची वेगळी प्रार्थना चालली होती, आणि तरी गळ्यातला एक स्नायू स्पीकरबरोबर हलत होता, तो काही ऐकत नव्हता. मग धवला हळदीवर आला. सरस्वतीनं वाटीत बोटं बुडवली.

स्पीकरमधल्या सरस्वतीनं ओळ घेतली, अर्ध्यावर थांबवली, आणि गाण्यातला नव्हे, रोजच्या बोलण्यातला आवाज आला:

"ए, ए सुंदरे! तू कुटं आलीस? मागं हो. मागं हो म्हणते ना! तुझा हात नको लागाया पोराला. शुभ काम हाय. न्या गो हिला आत कोणीतरी."

स्पीकरमध्येच कोणीतरी बाई हसली. बांगड्या वाजल्या. आणि पुढच्याच क्षणाला धवला सुरू झाला, सोडलेल्या अर्ध्या ओळीवरून, त्याच तालात, श्वाससुद्धा न चुकता.

ओमकार फोनकडं धावला. त्यानं बटण दाबेपर्यंत आणखी दोन ओळी होऊन गेल्या. व्हिडिओ इतक्या पुढपर्यंत कोणी पाहिलेलाच नव्हता. लग्नाचा व्हिडिओ माणूस आपला चेहरा येईपर्यंत बघतो.

चुलाण्यावरच्या रश्शाचा आवाज मांडवापर्यंत येऊ लागला.

सरस्वतीची बोटं वाटीतच राहिली. तिला हे आठवत नव्हतं. हेच तिला सर्वांत जास्त लागलं. आठवत नव्हतं, कारण आठवण ठेवण्यासारखं काही घडलंच नव्हतं. रीत होती. मांडवात विधवा पुढं आली की धवलारणीनं तिला मागं करायचं, हे तिचं काम होतं, आणि ती कामात चोख होती. किती मांडवांत किती जणींना तिनं असं मागं केलं असेल, त्यांची नावंही तिला माहीत नव्हती. ह्या एकीचं होतं. हितेश लहान असताना सरस्वतीला टायफॉइड झाला, तेव्हा नवी नवरी होऊन आलेल्या सुंदरानं त्याला आपल्या ताटात भरवला होता, आपल्या कुशीत निजवला होता. हितेशच्या हळदीला काशिनाथला जाऊन वर्षही झालं नव्हतं. आणि ती हात भिजवून पुढं आली होती, कारण पोर तिचंही होतं.

तोडे नव्हते. आंबा नव्हता.

शेणव्याला दर रविवारी भिमी भाकरी मोडायची आणि सगळ्यांच्या हातावर द्यायची. भिमीला नवरा नव्हता. सरस्वती दोन्ही तळवे पुढं करून तो तुकडा घ्यायची, डोळे मिटायची. त्या हाताला तिनं कधी मागं हो म्हटलं नव्हतं. तो हात शेणव्याचा होता, आणि रविवार होता. घरी परत आल्यावर सोमवार असायचा.

"आई," मिताली हळूच म्हणाली, "लावा ना. लोक बघतायत."

सरस्वती उठली. हळदीची बोटं तशीच घेऊन ती सवाष्णींच्या मधून वाट काढत मांडवाच्या मागं गेली.

सुंदरा मान खाली घालून कोथिंबीर निवडत होती. जुडीत काही उरलं नव्हतं, देठही संपले होते.

"सुंदरा."

सुंदरानं नवी जुडी घेतली.

"मी बोलले ते. दुसऱ्या कोणी नाय. मला आठवत पण नव्हतं, ते त्याच्याहून वाईट." सरस्वतीचा आवाज, ज्याच्यावर दोन तालुक्यांची लग्नं लागली होती, आता जेमतेम चुलाण्यापर्यंत पोचत होता. "चार लोकांत बोलले, म्हणून चार लोकांत सांगते. मी चुकले. चल, पोरीला हळद लाव."

सुंदरा हलली नाही. पण तिचे हात थांबले.

"विहीणबाय!" ताराबाई मागोमाग आल्या होत्या. त्यांच्या मागं अर्धा मांडव. "हे काय चाललंय? पहिलं बोट हिचं? आमच्याकडं हे चालत नाय."

"पोरीची आई हाय ती," सरस्वती म्हणाली.

"आई हाय ते आमाला दिसतं. कपाळ पण दिसतं. उद्या काय झालं पोराला, तर कोणाला धरायचं? मी आणलेली उष्टी हळद कालवलेल्या वाटीसकट परत घेऊन जाईन. टेम्पो उभा हाय बाहेर."

राघोचा चेहरा उतरला. ही बाई तिकीट न काढता उतरणाऱ्या प्रवाशांतली होती. "ताराबाय, बसा, सरबत घ्या. सरस्वती, तू पण. मधला काहीतरी..."

"मधला काय नाय," सरस्वती म्हणाली.

"तुझं ते तुझ्याकडं ठेव," ताराबाई कडाडल्या. "तुमच्या येशूची रीत आमच्या हळदीत कशाला?"

"त्याचं नाव मी तुमच्या मांडवात घेतलं का? तो तुमाला काय म्हणत नाय. त्याचं माझ्याशी चाललंय." सरस्वतीनं हळदीची बोटं वर धरली. "मी रीत चालवलेली हाय, ताराबाय, ह्या तोंडानं. ह्या बाईला ह्याच तोंडानं मागं केलं, आता ऐकलंत तुमी. मग पुढं पण ह्याच तोंडानं बोलावते. टेम्पो न्यायचा तर न्या. मी अडवणार नाय. लोक मला बोलतील, मी ऐकून घेईन."

"तुला बोलतील? लगीन मोडंल पोरीचं!" हे ओमकार म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "काकू, तुझं मन साफ करायला आमचं लगीन कशाला? आज नको ना. नंतर पाया पड, काय पण कर."

हे खरं होतं. सरस्वतीलाही ते कळत होतं. चूक तिची, आणि किंमत मोजायची पाटावरच्या पोरीनं. ती पहिल्यांदाच डगमगली. तिनं मांडवाकडं पाहिलं.

कुणाली पाटावरून उठून आली होती. हळदीआधी पाट सोडायचा नसतो, पण आता कोणाला ते सांगायचं भान नव्हतं.

"मला कोणी इचारणार हाय का?" ती म्हणाली. "ओम्या, गप बस. ताराकाकी, दिपेशला पहिली हळद कोणी लावली सकाळी?"

"मी," ताराबाई म्हणाल्या.

"आणि त्याची आई?"

ताराबाईंनी पदर सारखा केला.

"कुठं होती ती, काकी?"

"आत होती. स्वयंपाकघरात. तिला बरं नव्हतं."

"काय होत होतं?"

मुरबाडच्या त्या घरात सकाळी कोण कोणाला मागं हो म्हणालं होतं, ते तिथं हजर असलेल्यांना ठाऊक. ताराबाईंच्या बरोबर आलेल्या बायका एकदम आपापल्या बांगड्यांकडं बघू लागल्या.

"त्याची आई आत का बसली ते दिपेशला मी इचारीन," कुणाली म्हणाली. "आत्ताच फोन लावू?"

"फोन कशाला," ताराबाई घाईनं म्हणाल्या. त्या मांडवात परतल्या. त्यांनी आपली प्लास्टिकची खुर्ची उचलली, तिचं तोंड रस्त्याकडं केलं, पाटाकडं पाठ करून बसल्या आणि पदर डोक्यावर घेतला.

"मला इकडून वारा बरा लागतो," त्या रस्त्याला म्हणाल्या. "मागं काय चाललंय ते मला दिसत नाय. कोणी इचारलं तर तसंच सांगीन."

बरोबरच्या बायकांनीही मुकाट्यानं खुर्च्या फिरवल्या. सगळं वऱ्हाड रस्त्यावरची वाहनं मन लावून पाहू लागलं.

सरस्वती सुंदराकडं वळली. "चल."

"धवला कोण म्हणणार?" ओमकार म्हणाला. तो अजून फुरंगटलेला होता. "ते परत नाय लावणार मी."

"मी म्हणते."

राघोनं चमकून पाहिलं. "आणि देव?"

"देवांना ओमकारच्या फोननं बोलावलंय. येऊन बसलेत ते. माझ्याकडं राहिलीय ती आई."

भावेश विचारील, हे तिला माहीत होतं. ती सांगणार होती. त्यानं बरोबर म्हटलं तर बरोबर, चूक म्हटलं तर तेही ऐकणार होती. तिनं गळा साफ केला. चार-पाच वर्षं न लावलेला आवाज पहिल्यांदा खरखरला, मग सापडला:

"हळदीला हात कोणाचा गो, कोणाची बोटं पिवळी,
आईची गो आईची, आमच्या सुंदरा आईची..."

नावानं हाक पडली. आता पुढं यायचं ते तिनंच, दुसऱ्या कोणी नाही.

सुंदरा उठली. तिच्या हातांना कोथिंबिरीचा वास होता. तिनं ते पदराला पुसले, परत पुसले. सवाष्णी बाजूला झाल्या, काही समजून, काही घाबरून. कुणाली पाटावर बसली आणि तिनं तोंड वर केलं. सुंदरानं वाटीत बोट बुडवलं आणि थांबली, कोणी काही म्हणतंय का ते ऐकत असल्यासारखी. कोणी म्हणालं नाही. मग तिनं लेकीच्या कपाळाला लावली, गालांना लावली, हनुवटीला लावली. कुणालीच्या डोळ्यांतलं पाणी हळदीत उतरलं. सरस्वती म्हणत राहिली. एका ओळीवर तिचा आवाज बसला, तेव्हा मितालीनं ती ओळ उचलून धरली. सुनेला धवले येतात हे सासूला आजच कळलं.

दुसरं बोट बुडवायला सुंदरा वाकली. बोटांच्या चिमटीत तिनं हळद चोळून पाहिली.

"जाड राहिलीय," ती म्हणाली. कोंबड्यांना नाही. "वाटली कोणी?"

सरस्वतीची ओळ तुटली. "तुझ्या सुनेनं. हितेशच्या बायकोनं."

"तरीच."

सुंदरानं लेकीच्या मनगटाला हळद लावली. वर न बघता, हलक्या आवाजात म्हणाली, "एवढ्यानं फिटलं असं समजू नको."

"नाय समजत."

"मी रोज ऐकलंय ते. तुला आज ऐकू आलं."

"होय," सरस्वती म्हणाली. "उद्या येऊ?"

"उद्या लगीन हाय. उद्या कोणाला टाइम हाय?" सुंदरानं लेकीचा दुसरा हात हातात घेतला. "परवा ये. आणि पुढची ओळ म्हण, पोरगी ताटकळलीय."